३८ डीडी ते ३४ बी : स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतून मापाची किती अपेक्षा ठेवावी?

प्रश्न : माझे वय ४१, उंची पाच फूट एक इंच, वजन ७२ किलो. सांगली जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. दोन मुले आहेत, पुढे मूल नको आहे. ३८ डीडी मापाची ब्रा वापरते. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडले आहेत, मान सतत दुखते आणि उन्हाळ्यात स्तनांखाली चट्टे उठतात. लग्नाच्या वेळी माझे माप ३४ बी होते. तेच परत यावे अशी इच्छा आहे. एका सर्जननी ‘बी कप नक्की करून देतो’ असे सांगितले. दुसऱ्यांनी गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर ३१ सेंमी असल्याचे लिहून दिले आणि ‘सीच्या आसपास जाऊ, पण अक्षराचे वचन देणार नाही’ असे म्हणाले. न्यू जर्सीतील नणंद सांगते की प्रत्येक बाजूने किमान अर्धा किलो काढले नाही तर शस्त्रक्रिया फुकट जाते. कोणाचे खरे मानू?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ३४ हा आकडा आधी बाजूला काढू, कारण तो स्तनांचा नाहीच. ब्राच्या मापातला आकडा हा स्तनांच्या खाली, बरगड्यांवरून फिरवलेल्या टेपचा असतो, आणि बरगड्यांच्या पिंजऱ्यावर आम्ही कोणतीही शस्त्रक्रिया करत नाही. लग्नानंतरच्या वर्षांत पाठीवर आणि बगलेखाली जी चरबी साठली, ती स्तनांची शस्त्रक्रिया करून जाणार नाही. वजन उतरले तर ती काही प्रमाणात जाईल आणि ३८ चे कदाचित ३६ होईल. म्हणजे तुम्ही मागितलेल्या मापाचा अर्धा भाग सर्जनच्या हातात नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी होती.

उरलेला अर्धा भाग अक्षराचा. कपचे अक्षर हे स्वतंत्र माप नसून फरक दाखवणारी खूण आहे. छातीचा सर्वांत भरलेला घेर आणि स्तनांखालचा घेर यांत एक इंचाचा फरक असेल तर ए, दोन इंचांचा बी, तीन इंचांचा सी, चार इंचांचा डी आणि पाच इंचांचा डीडी, असा ढोबळ हिशेब. त्यामुळे ३४ बी आणि ३८ बी यांत अक्षर एकच असले तरी आतली वाटी एक नसते. ब्रा शिवणारे याच तत्त्वाने चालतात : ३६ डी, ३८ सी आणि ४० बी यांच्या वाट्यांत जवळपास तेवढाच ऐवज मावतो. आता हाच हिशेब उलटा करून पाहा. ३४ बीची वाटी म्हणजे ३६ एची वाटी, आणि ३८ घेरावर ती एपेक्षाही एक पायरी खाली जाते. तुमच्या आजच्या शरीरावर लग्नाच्या वेळची वाटी बसवायची म्हटली तर छाती जवळजवळ सपाट करावी लागेल. तुम्हाला तसे नको असणार, असे पत्राच्या सुरावरून वाटते.

त्यातून हे अक्षर दुकानागणिक बदलते ते वेगळेच. कपच्या मापाला सर्व कंपन्यांवर बंधनकारक असे एकच प्रमाण नाही, आणि काही ठिकाणी अजूनही खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून आकडा काढण्याची जुनी पद्धत चालते. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाने एकाच आठवड्यात तीन दुकानांतून घेतलेल्या तीन ब्रा टेबलावर ठेवल्या होत्या : एक ३६ डी, एक ३८ सी, एक ४० सी. तिन्ही तिला ‘बसत’ होत्या. मात्र तिन्हींचे हुक वेगवेगळ्या खाचेत जात होते. ज्या मापाची ही अवस्था आहे, त्याची हमी कोणी द्यावी आणि कोणी घ्यावी?

शस्त्रक्रियेच्या कागदावर म्हणूनच कपचे अक्षर नसते, सेंटिमीटर आणि ग्रॅम असतात. तुम्हाला लिहून दिलेले ३१ सेंमी हे त्यांतले सर्वांत बोलके माप आहे. मध्यम बांध्याच्या आणि न ओघळलेल्या स्तनांत गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर साधारण १९ ते २१ सेंमी भरते. तुमच्या वयाला आणि बांध्याला ते २२ ते २३ सेंमीच्या आसपास आणणे योग्य ठरेल. म्हणजे स्तनाग्र आठ-नऊ सेंटिमीटर वर न्यायचे आहे. हे वर नेणे म्हणजे काय, ते समजले की बाकीचा प्रश्न बराचसा सुटतो.

स्तनाग्र आम्ही सहसा कापून काढून वर चिकटवत नाही. ते खालच्या ऊतींच्या एका पट्ट्यावर तसेच जोडलेले ठेवतो, त्या पट्ट्यातून त्याला रक्त आणि संवेदना मिळत राहतात, आणि तो पट्टा वळवून किंवा दुमडून स्तनाग्र नव्या जागी बसवतो. आमच्या भाषेत याला पेडिकल म्हणतात. मी रुग्णांना ‘देठ’ म्हणून सांगते. फळ जड आणि देठ लांब असेल तर देठ जाडही हवा, नाहीतर टोकापर्यंत रस पोचत नाही. स्तन जितका ओघळलेला, तितका हा देठ लांब, आणि तितकाच तो रुंद व जाड ठेवणे भाग पडते. हा देठ स्तनाच्या आतच राहतो, त्याच्याभोवती त्वचा आणि चरबीचा थर राहतो, आणि या सगळ्याचे मिळून एक किमान आकारमान होते. त्याच्या खाली जायचा हट्ट धरला तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. ते अंशतः किंवा पूर्णपणे काळे पडून गळण्याची शक्यता वाढते. त्यामुळे शस्त्रक्रिया करताना ‘किती काढू’ यापेक्षा ‘किती ठेवलेच पाहिजे’ हा विचार आमच्या डोक्यात आधी चालू असतो.

यावर एक उपाय आहे आणि तो तुम्हाला माहीत असावा. स्तनाग्र पूर्ण सुटे करून त्वचेच्या कलमासारखे नव्या जागी लावता येते. मग देठाचे बंधन उरत नाही आणि हवे तेवढे लहान करता येते. अतिप्रचंड स्तन असलेल्या किंवा रक्तपुरवठ्याबद्दल खरोखर चिंता असलेल्या रुग्णांत ही पद्धत उपयोगी पडते. पण तिच्यात स्तनाग्राची नेहमीची संवेदना आणि दूध पाजण्याची क्षमता जाते, रंग ठिपक्याठिपक्यांनी फिका पडू शकतो आणि टोकाचा उठाव कमी होतो. पुढे मूल नको असले तरी केवळ एका अक्षरासाठी ही किंमत मोजावी, असे मी तुमच्या बाबतीत सांगणार नाही. ज्या सर्जननी ‘बी नक्की’ म्हटले, त्यांना एवढे एकच विचारा : तो बी माझ्या ३८ घेरावरचा की आणखी कशावरचा, आणि त्यासाठी स्तनाग्र देठावर राहील की सुटे होईल? उत्तर ऐकताना तुम्हाला बरेच काही कळेल.

दुसरी मर्यादा रुंदीची. स्तनाचा पाया छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून बगलेच्या दिशेने पसरलेला असतो आणि तो प्रत्येकीचा ठरलेला असतो. आम्ही पुढचा उठाव कमी करतो, लोंबणे कमी करतो, दोन्ही बाजूंचा भाग थोडा आत घेतो. पण पाया तेवढाच राहतो. रुंद पायावर फार थोडा ऐवज ठेवला तर स्तन छोटा आणि गोल न दिसता पसरट आणि चपटा दिसतो, ताटात वाढलेल्या थालीपिठासारखा. उपमा फारशी शोभिवंत नाही, पण तपासणीच्या खोलीत तीच सर्वांना चटकन कळते. आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी : स्तन लहान झाले की पोट आणि बगलेच्या मागची वळी दिसू लागतात. ती आधीही होतीच, स्तनांच्या आड होती. दीड कप लहान झालेली छाती बघून आनंद होण्याऐवजी ‘माझे पोट वाढले का हो?’ असे विचारत येणाऱ्या रुग्ण मी नेहमी पाहते. बगलेकडची वळी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, काही अंशी कमी करता येते. पोटाचा प्रश्न या शस्त्रक्रियेचा नाही. उलट, नुसत्या लायपोसक्शनने स्तन लहान करण्याची जाहिरात तुमच्या पाहण्यात आली असेल तर तिच्या मोहात पडू नका. त्याने चरबी निघते, पण ३१ सेंमीवरचे स्तनाग्र वर जात नाही.

आता नणंदेच्या अर्ध्या किलोविषयी. त्या सांगतात ते खोटे नाही, फक्त ते वैद्यकाचे नसून विम्याचे गणित आहे. अमेरिकेतील काही विमा कंपन्या प्रत्येक बाजूने किमान ५०० ग्रॅम ऊती निघतील तरच खर्च मान्य करतात. काही कंपन्या श्नूर नावाच्या सर्जननी १९९१ मध्ये मांडलेला तक्ता वापरतात, ज्यात शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून किमान वजन काढले जाते. तुमची उंची आणि वजन त्या तक्त्यात घातले तर एका बाजूचे साधारण ४०० ग्रॅम येतात. पण मानदुखी ग्रॅममध्ये मोजता येत नाही. पट्ट्यांचे वळ, मानेचा ताण आणि त्वचेचे चट्टे यांत मिळणारा आराम काढलेल्या वजनावर सरळ अवलंबून नसतो. बेताची ऊती काढलेल्या स्त्रियांनाही भरपूर आराम पडतो, हा अनुभव जगभरातील सर्जनांचा आहे आणि माझाही आहे. आपल्याकडे विम्याच्या पॉलिसींत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात आणि वैद्यकीय गरज सिद्ध करावी लागते, तेव्हा मानेसाठी घेतलेले उपचार आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. दावा मंजूर होईलच असे समजून मात्र खर्चाचे नियोजन करू नका.

तुमच्या शरीराला लावून बोलायचे तर ३८ घेरावर एक कप म्हणजे माझ्या अनुभवात साधारण २०० ते ३०० ग्रॅम. डीडीपासून सीपर्यंत दोन पायऱ्या, म्हणजे प्रत्येक बाजूने ४०० ते ६०० ग्रॅम. किराणा दुकानातून अर्धा किलो साखरेच्या दोन पुड्या आणा आणि दोन्ही हातांत धरून पाच मिनिटे उभ्या राहा. तेवढे ओझे खांद्यावरून कायमचे उतरणार आहे. माझ्या मते तुमचे वाजवी लक्ष्य हेच आहे : ३८ घेर तसाच धरून सीच्या जवळपास, सर्व काही जुळून आले तर लहान सी. दुसऱ्या सर्जननी तेच सांगितले आणि हातचे राखून सांगितले, हे मला पटते.

हातचे राखण्यामागे भित्रेपणा नसतो. शिंपी कापड कापताना शिवणीत माया ठेवतो, कारण सैल ब्लाउज पुन्हा आवळता येतो, तोकडा वाढवता येत नाही. आमचेही तसेच आहे. स्तन थोडा मोठा राहिला तर पुढे लायपोसक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने आणखी कमी करता येतो. फार काढले तर मग इम्प्लांट घालण्याची विचित्र वेळ येते. स्तनाग्राच्या उंचीचेही असेच. थोडे खाली राहिलेले स्तनाग्र वर नेता येते, पण फार वर गेलेले, ब्राच्या कडेतून डोकावणारे स्तनाग्र खाली आणणे अतिशय अवघड असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून किंवा बसवून, हात सैल सोडायला सांगून पेनाने खुणा करतो, आडवे झोपवून कधीच नाही. मी या वेळी समोर आरसा ठेवते आणि नव्या स्तनाग्राची जागा रुग्णाला दाखवते. पुष्कळ जणी म्हणतात, ‘अजून वर घ्या ना.’ त्या वेळी नाही म्हणणे हा माझ्या कामाचा भाग आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय होते तेही सांगते, म्हणजे अक्षराचे वचन का टिकत नाही ते दिसेल. काढलेली ऊती बाजूनिहाय काट्यावर ठेवली जाते. एका बाजूचे ५४० ग्रॅम भरले आणि दुसरीचे ४६० भरले, तर ती चूकच असते असे नाही. मुळात दोन्ही स्तन क्वचितच सारखे असतात आणि मोठ्या बाजूने जास्त काढावेच लागते. मग तात्पुरते टाके घालून भुलेतच टेबलाची पाठ उचलून रुग्णाला बसते करतो, पायांच्या बाजूला जाऊन उभे राहून दोन्हींकडे पाहतो, आणि कुठे पन्नास ग्रॅम अजून, कुठे थांबायचे, हे ठरवतो. शेवटचा निर्णय वजनकाटा घेत नाही, नजर घेते. तरीही सुजेमुळे आणि सुईने दिलेल्या द्रवामुळे त्या क्षणीचा आकार अंतिम नसतो. काढलेली ऊती हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी, पाठवलीच पाहिजे. तुमचे वय चाळिशीच्या पुढे असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी मॅमोग्राफीही करून घ्यावी, आणि पुढे कधीही मॅमोग्राफी करताना ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे, कारण आतील व्रण चित्रात दिसतात.

शस्त्रक्रियेनंतरचा आकार कधी खरा मानायचा, याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पहिल्या काही आठवड्यांत स्तन वरच्या बाजूला फुगलेले, खालून चपटे आणि हाताला घट्ट लागतात. तीन महिन्यांत बहुतेक सूज उतरते, ऐवज हळूहळू खाली सरकतो आणि गोलाई येते. सहा महिने ते वर्षभरात आकार स्थिरावतो. माझी एक रुग्ण विसाव्या दिवशी दुकानात जाऊन माप घेऊन आली आणि ‘अजून डीच आहे’ म्हणून माझ्यासमोर रडली. तिला मी काहीही केले नाही, फक्त थांबायला सांगितले. सहाव्या महिन्यात ती स्वतःच सी घेऊन आली, आणि मानदुखीचा विषय निघाला तेव्हा तिला आठवून सांगावे लागले की ती मूळची त्यासाठीच आली होती. तोपर्यंत हुक पुढे असलेली, तारा नसलेली, मऊ आधार देणारी ब्रा पुरेशी असते. नवे ब्लाउज शिवायला टाकायची घाई करू नका; कटोरी ब्लाउजची कटोरी तीन महिन्यांनंतरच्या मापाने कापलेली बरी, आणि तेव्हाही शिंप्याला माया ठेवायला सांगा.

व्रणांचा विचार मापाशी जोडूनच करावा लागतो, कारण जास्त त्वचा काढायची म्हणजे जास्त टाके. तुमच्या मापात स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत आडवा, असा उलट्या टी अक्षरासारखा व्रण येण्याची शक्यता अधिक आहे. उभा आणि आडवा टाका जिथे मिळतात तिथे जखम थोडी उघडी पडणे ही सर्रास दिसणारी, ड्रेसिंगने भरून येणारी अडचण आहे. आपल्या त्वचेत व्रण गडद होतात, काहींचे जाड होतात, आणि छातीच्या मधल्या हाडाकडे जाणारे टोक विशेष त्रास देते, म्हणून ते आखूड ठेवतात. कान टोचल्यावर किंवा लशीच्या जागी तुम्हाला गाठीसारखा व्रण आला असेल तर तो सर्जनना आवर्जून दाखवा. व्रण फिके पडायला वर्ष-दीड वर्ष जाते. स्तनाग्राची संवेदना काही महिने कमी किंवा विचित्र राहते, आणि थोड्या स्त्रियांत ती पूर्ण परत येत नाही.

तुमचे वजन बेताने उतरणार असेल तर ते शस्त्रक्रियेआधी उतरवा. नंतर दहा किलो उतरवले तर स्तन आणखी लहान आणि थोडे सैल होतील. दहा वाढवले तर वाढतील, कारण उरलेल्या ऊतींत चरबी आहेच. रजोनिवृत्तीच्या काळात वजन चढते, त्या वेळीही मापात फरक पडू शकतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. आणि एक प्रश्न, जो शिक्षिकांना विचारताना मला स्वतःलाच संकोच वाटायचा आणि आता वाटत नाही : तुम्ही मिसरी लावता का? आपल्या भागात सुशिक्षित घरांतही सकाळी दातांना मिसरी लावण्याची सवय आहे आणि तिला कोणी तंबाखू म्हणून मोजत नाही. मिसरीतले निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, आणि मघाशी सांगितलेल्या देठाला नेमका तोच मार बसतो. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ती पूर्ण बंद हवी आणि जखमा भरेपर्यंत बंदच हवी. हे लपवले गेल्यामुळे बिघडलेली स्तनाग्रे मी पाहिली आहेत.

पुढच्या भेटीला जाताना मासिकातील किंवा मोबाईलमधील अनोळखी बांध्याच्या स्त्रीचे छायाचित्र नेऊ नका. त्याऐवजी आता वापरात असलेली ब्रा, घट्ट होऊन कपाटात पडलेला एखादा ब्लाउज आणि ज्यात तुम्ही स्वतःला आवडता असा स्वतःचाच एखादा जुना फोटो न्या. सर्जनना अक्षर सांगण्याऐवजी हे सांगा की फळ्यावर लिहिताना हात वर केल्यावर काय खुपते, जिना उतरताना काय धरावे लागते, आणि फार लहान झाल्याचे दुःख जास्त होईल की थोडे मोठे राहिल्याचे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरी विचार करून, शक्य तर लिहूनच न्या. टेबलाची पाठ उचलून शेवटचे पन्नास ग्रॅम ठरवताना तुम्ही भुलेत असाल, आणि सर्जनजवळ तुमचे तेवढेच शब्द असतील.